चुकीच्या ऋतूतला पाहुणा

गेल्या श्रावणात पुण्याहून माझी मावसबहीण जबलपूरला आली होती. तिला भेडाघाट पाहायचा होता. संगमरवराच्या पांढऱ्या कड्यांमधून नाव जाते आहे, हे चित्र तिने इतक्या वेळा पाहिले होते की बाकी जबलपुरात तिला फारसा रस नव्हता. आम्ही घाटावर पोहोचलो तेव्हा नावा काठावर ओढून ठेवलेल्या होत्या. नर्मदा गढूळ आणि चढलेली होती. चहाच्या टपरीवरच्या माणसाने न विचारताच सांगितले, "नाव तो अब दशहरे के बाद ही चलेगी, दीदी." मग धुवांधारकडे गेलो. तिथे तर धबधबाच नव्हता. मोठा पूर असला की पाणी जिथून पडते आणि जिथे पडते त्या दोन पातळ्यांमधले अंतर मिटत जाते आणि नुसती धावणारी नदी उरते. बहीण थोडा वेळ कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, आपण चुकीच्या वेळी आलो गं."

तिचे म्हणणे बरोबरच होते. मला अडखळायला झाले ते 'आपण' या शब्दापाशी. ती पुण्याहून आली होती. मी इथेच राहते. माझ्या गावच्या नदीवर मी चुकीच्या वेळी कशी येईन?

त्या दिवसांत माझ्या टेबलावर जीन ऱ्हिस यांची 'वाइड सरगॅसो सी' (१९६६) ही कादंबरी होती. तिच्या दुसऱ्या भागातल्या पहिल्या काही पानांचा मराठी खर्डा मी करत होते. त्या पानांतही एक पाहुणा भर पावसात एका हिरव्यागार बेटावर उतरतो आणि आपण चुकीच्या जागी आलो आहोत असे त्याला वाटू लागते. पावसात पोहोचलेल्या पाहुण्याला काय दिसते, काय दिसत नाही आणि हे सगळे मराठीत आणताना अनुवादक कोणाच्या बाजूला उभा राहतो, याबद्दल मला इथे लिहायचे आहे. कॅरिबियन बेटांवर मी कधी गेलेले नाही. माझा प्रवास पुस्तकांतून झालेला आहे, आणि पुस्तकांचीच तपासणी मी करते आहे.

आधी एका शब्दाविषयी. पर्यटनाच्या धंद्यात वर्षाचे तीन भाग असतात: गर्दीचा हंगाम, मंदीचा हंगाम आणि या दोहोंमधला 'शोल्डर सीझन'. कॅरिबियनमध्ये डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत गर्दी असते, कारण तेव्हा तिथे कोरडे असते आणि उत्तरेकडे बर्फ. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ, म्हणून मंदीचा. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे काही आठवडे म्हणजे हा 'खांदा': भाव उतरलेले, पाऊस असला तर असला. या शब्दात आभाळाचा संबंध फार थोडा आहे. गर्दीच्या आलेखाला शिखर असते, म्हणून शिखराखाली खांदा. मराठीत याला जवळचा शब्द शोधताना मला 'ऋतुसंधी' सापडला. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त एका ऋतूचा शेवटचा आठवडा आणि पुढच्याचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी होते, आणि त्या काळात जुना आहारविहार हळूहळू सोडून नवा धरायचा असतो. दोन्ही शब्द जवळजवळ त्याच दिवसांबद्दल बोलतात. एकात बदलतो भाव, दुसऱ्यात बदलायचे असते माणसाने. म्हणूनच 'शोल्डर सीझन'साठी 'ऋतुसंधी' वापरता येत नाही. वापरला तर मूळ शब्दातला व्यापार झाकला जातो.

बेटांना स्वतःचे शब्द नाहीत असे नाही. मार्टिनिक आणि ग्वादलूपमध्ये कोरड्या ऋतूला 'करेम' म्हणतात, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ. आणि पावसाळ्याला 'इव्हरनाज', म्हणजे अक्षरशः 'हिवाळा घालवणे'. जहाजांनी वादळांच्या महिन्यांत बंदरात थांबून राहायचे, त्यावरून ऐन उकाड्याच्या ऋतूला हिवाळ्याचे नाव मिळाले. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवतात आणि आमच्याकडे नर्मदेची परिक्रमा करणारे चातुर्मासात एका जागी मुक्काम करतात. त्यामुळे हा शब्द मला लगेच कळला. त्रिनिदादमध्ये पावसाळ्याच्या मध्ये, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, काही दिवस आभाळ मोकळे होते. त्याला तिथे 'पती करेम', म्हणजे धाकटा करेम म्हणतात. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मी समासात लिहिले होते: 'उघडीप'. अनुवादकाला असे क्षण फार आवडतात. ते धोक्याचे असतात हे मला पुढे कळले.

आपल्या मनातले कॅरिबियन बहुतेक कोरडेच आहे, आणि त्याचे मोठे कारण क्रिकेट. आमच्या घरात वेस्ट इंडीज म्हणजे १९७१ चा दौरा: अजित वाडेकरांची कप्तानी, चार कसोटींत ७७४ धावा करणारे सुनील गावसकर आणि ६४२ धावा करणारे मडगावचे दिलीप सरदेसाई. वडील सांगत त्या सगळ्या गोष्टींत ऊन असे. हा दौरा फेब्रुवारी ते एप्रिल असा होता, म्हणजे करेममधला. पुष्कळ वर्षांनी मी त्या मालिकेविषयी वाचले तेव्हा लक्षात आले की गोष्टीची सुरुवात पावसाने झाली होती. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात वाहून गेला. पाच दिवसांचा सामना चार दिवसांचा झाला, फॉलोऑनसाठी लागणारी आघाडी २०० वरून १५० वर आली आणि १७० धावांची आघाडी असलेल्या वाडेकरांनी वेस्ट इंडीजला पुन्हा खेळायला पाठवले. सामना अनिर्णित राहिला, पण आपण त्यांना नमवू शकतो हे त्या संघाला तिथे कळले, आणि पुढची कसोटी त्यांनी जिंकली. ज्या दिवशी काहीच घडले नाही, त्या दिवशी पाऊस पडत होता. वडिलांच्या गोष्टीत तो दिवस नव्हता. प्रवासवर्णनांतही बहुधा नसतो.

ऱ्हिस यांच्या कादंबरीत तो दिवस आहे. नवविवाहित इंग्रज नवरा (लेखिका त्याला नाव देत नाही, 'जेन एअर'चा वाचक त्याला रोचेस्टर म्हणून ओळखतो) बायको आंत्वानेतबरोबर मधुचंद्रासाठी तिच्या डोंगरातल्या घराकडे निघाला आहे. वाटेत मॅसकर नावाच्या गावी जोराचा पाऊस गाठतो आणि सगळे एका मोठ्या आंब्याखाली आडोशाला थांबतात. कादंबरीत बेटाचे नाव येत नाही, पण मॅसकर हे गाव डॉमिनिकात खरोखर आहे, आणि १८९० मध्ये ऱ्हिस यांचा जन्म झाला ते रोझो तिथून फार दूर नाही. पाऊस थांबल्यावर ते घोड्यांवरून वर चढतात. त्याला सगळे अती वाटते: रंग अती, डोंगर अती जवळ. ती पानाच्या द्रोणातून त्याला झऱ्याचे पाणी देते. ती लाल माती दाखवते, तर तो सांगतो की इंग्लंडातही काही ठिकाणी माती लाल असते. पुढे त्याला संशय येतो, आणि शेवटी बेटावरच्या डोंगरांसकट, नद्यांसकट, पावसासकट तो तिचा द्वेष करू लागतो.

इंग्रजी वाचक या पानांत त्या नवऱ्याच्या डोळ्यांनी शिरतो. पाऊस, आंबा, जास्वंद, लाल चिखल या गोष्टी त्यालाही परक्या असतात, त्यामुळे नवऱ्याची धास्ती त्याला आतून कळते. मराठीत हे होत नाही. पावसात आंब्याखाली थांबलेल्या माणसाची भीती वाटावी असे मराठी वाक्य लिहून पाहा. आंबा हा शब्द आला की वाचक घरी पोहोचतो. पहिला खर्डा वाचताना माझ्या लक्षात आले की माझा नवरा घाबरलेला नाही, तो नुसता किरकिऱ्या आहे. रत्नागिरीच्या सासरी पहिल्यांदा गेलेल्या आणि चिखलाला नाके मुरडणाऱ्या जावयासारखा. ऱ्हिस यांची शोकांतिका माझ्या हातून कौटुंबिक विनोद होऊ लागली होती.

दोष शोधला तर तो शब्दांत होता. मी त्याच्या तोंडी 'सर' घातली होती. 'सर' येते आणि जाते; ज्याला तिचे येणे-जाणे माहीत आहे त्याचा तो शब्द आहे. मी 'झड' लिहिले होते, 'भुरभुर' लिहिले होते, एका ठिकाणी 'उघडीप'सुद्धा. मराठीत पावसाला इतके शब्द आहेत की अनुवादकाला त्यांची श्रीमंती दाखवायचा मोह होतो. पण त्या माणसाकडे यातला एकही शब्द नव्हता. मग मी आंब्याकडे वळले. 'आंब्याचे म्हणतात ते एक झाड' असे लिहिले आणि खोडले, कारण ते 'म्हणतात' ऱ्हिस यांचे नाही. नवऱ्याला परका ठरवण्यासाठी मी घातलेले टेकू आहे.

दुसऱ्या खर्ड्यात मी पावसाचे शब्द वाटून दिले. नवऱ्याच्या वाट्याला एकच शब्द: 'पाऊस'. मोठा असो, लहान असो, त्याच्यासाठी तो पाऊसच. सर, झड, उघडीप हे सगळे आंत्वानेतला आणि तिला वाढवणाऱ्या क्रिस्तोफीनला. जागा तीच, आभाळ तेच, पण एकाकडे एक शब्द आणि दुसरीकडे दहा. नवऱ्याचे एकटेपण मराठीत पहिल्यांदा ऐकू आले ते तेव्हा. मला वाटले, जमले.

तरीही काहीतरी खटकत राहिले, आणि ते क्रिस्तोफीनच्या बोलण्यात होते. ती मार्टिनिकहून आणलेली काळी स्त्री आहे. आंत्वानेतच्या आईला ती लग्नात भेट म्हणून मिळाली होती. कोकणातल्या एखाद्या आजीचे शब्द तिच्या तोंडी आले की ती आपलीशी वाटते, आणि आपलीशी वाटली की ती 'भेट' म्हणून मिळाली होती हे विसरायला होते. तो आंबासुद्धा तिथला नाही. १७८२ मध्ये इंग्रजांनी एक फ्रेंच जहाज पकडले, त्यावरची आंब्याची रोपे जमैकात उतरवली आणि तिथे आंब्याची लागवड सुरू झाली. झाडे आणि माणसे दोन्ही त्या बेटांवर जहाजांतून आली. फरक इतकाच की झाडांना कोणी साखळ्या घातल्या नव्हत्या. मराठी वाचकाला ओळखीच्या वाटणाऱ्या हिरव्या दृश्यातली निम्मी ओळख अशी जहाजांतून नेलेली आहे. ती दिसू न देता 'अगदी आपल्या कोकणासारखे' म्हणणे हे नवऱ्याच्या 'इंग्लंडातही माती लाल असते' या वाक्याचेच दुसरे रूप आहे. तो दाखवलेली वस्तू आपल्या गावाशी जुळवून मोकळा होतो, आणि मीही तेच करत होते.

मॅसकर या नावाचेही तसेच. गावाचे नाव म्हणजे कत्तल. नवरा विचारतो, कोणाची कत्तल झाली होती, गुलामांची? ती म्हणते नाही, काहीतरी फार पूर्वी घडले असेल, आता कोणाला आठवत नाही. इंग्रजीत हे नाव पाऊस पडत असताना डोळ्यांसमोर असते. मराठीत ते नुसते एक विशेषनाम होते. त्याचा अर्थ मी त्याच वाक्यात न सांगता त्याच्या प्रश्नापर्यंत थांबवून ठेवला आहे. तोवर वाचक त्या पावसात निश्चिंत उभा असतो. तो निश्चिंत होता हे त्याला नंतर कळावे, अशी माझी इच्छा आहे.

ऱ्हिस यांचीही एक मर्यादा इथे सांगायला हवी. त्यांनी सोळाव्या वर्षी, १९०७ मध्ये, बेट सोडले. पुढे १९३६ मध्ये एकदाच परत गेल्या. त्यांच्या पुस्तकातला पाऊस आठवणीतला आहे आणि गोऱ्या मळेवाल्यांच्या घराच्या ओटीवरून पाहिलेला आहे. पावसात उसाच्या शेतात उभे असलेले लोक त्या पुस्तकात फारसे बोलत नाहीत. क्रिस्तोफीन नवऱ्याला तोंडावर सुनावते आणि कादंबरीतून निघून जाते. तिच्या घरात पाऊस कुठून गळत होता, हे आपल्याला कळत नाही.

ते विचारणारे पुस्तक म्हणजे जमैका किंकेड यांचे 'अ स्मॉल प्लेस' (१९८८). हे अँटिग्वाविषयी आहे, आणि अँटिग्वा हे बेट डॉमिनिकाच्या उलट: सखल, कोरडे, पाण्याची कायम टंचाई असलेले. सुरुवातीलाच किंकेड एका पर्यटकाला समोर उभे करतात. त्याने अँटिग्वा निवडले आहे, कारण बाकीची बेटे फार हिरवी होती. हिरवे म्हणजे पाऊस, आणि चार-दहा दिवसांच्या सुट्टीत पाऊस कोणाला हवा? ज्या उन्हावर तो खूश आहे तोच इथल्या माणसाचा दुष्काळ आहे, ज्याला पाण्याचा थेंबन् थेंब मोजावा लागतो, हे त्याच्या मनात येत नाही. पर्यटकाचा चांगला ऋतू आणि रहिवाशाचा चांगला ऋतू एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात, हे इतक्या थेटपणे मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

हे सगळे किंकेड द्वितीय पुरुषात लिहितात, आणि इंग्रजीत त्या पुरुषाला एकच सर्वनाम आहे. मराठीत तीन. 'तू' म्हटले तर भांडण वैयक्तिक होते. आदराचे 'आपण' म्हटले तर उपरोध इतका उघड होतो की वाचक हसून सुटतो. मी 'तुम्ही' निवडले, कारण सहलींच्या जाहिराती याच सर्वनामात बोलतात. तुमची सुट्टी, तुमचे बेट, तुमच्यासाठी खास. तेच सर्वनाम तसेच ठेवून त्याला आरोप करायला लावायचे.

पण खरी अडचण दुसऱ्या 'आपण'ची आहे, वाचकाला सोबत घेणाऱ्या. मराठी प्रवासवर्णनाचा तो लाडका शब्द. आपण वळणावर येतो, आपल्याला समुद्र दिसतो, आपण थक्क होतो. पुलंच्या 'अपूर्वाई'पासून (१९६०) आपली प्रवासवर्णने लोकांच्या घरात पोहोचली ती या सोबतीच्या सुराने. किंकेड हीच सोबत नाकारतात. त्या किनाऱ्यावर उभ्या आहेत आणि आपण विमानातून उतरतो आहोत. मराठी वाचक हे पुस्तक वाचताना पटकन त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो: आपणही गोऱ्यांच्या राज्यात होतो, आपल्यालाही दुष्काळ माहीत आहे. त्यात खोटे काही नाही. पण मग सुट्टीत माळशेज घाटात गाड्यांची रांग लावणारे कोण? आटलेल्या विहिरींच्या गावाशेजारच्या तलावात पोहणारे कोण? 'तुम्ही' हा शब्द आपल्यालाही लागू होतो, हे मराठी अनुवादाने वाचकाला टाळू देता कामा नये. किंकेड यांच्यावर आक्षेप घेता येतो. त्यांचा पर्यटक बदलत नाही, त्याला शिकण्याची संधी नाही. पण ही संधी देणे हे पुस्तकाचे काम आहे की वाचकाचे, हा प्रश्न मी उघडा ठेवते.

ती संधी स्वतः घेतलेला एक लेखक म्हणजे डेरेक वॉल्कॉट. सेंट ल्युशियाचे वॉल्कॉट १९९२ च्या नोबेल व्याख्यानात त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या गावात पाहिलेल्या रामलीलेबद्दल बोलले. मैदानात रावणाचा मोठा पुतळा, ऊसमळ्यांवर आणलेल्या मजुरांचे वंशज, मुले तीर घेऊन धावत आहेत. आपण एका हरवलेल्या गोष्टीचे अवशेष पाहतो आहोत, असे त्यांना आधी वाटले. मग त्यांनी स्वतःलाच अडवले: हे लोक काही हरवल्यासारखे वागत नाहीत, ते नाटक करत नाहीत, त्यांची श्रद्धा आहे. शोक पाहणाऱ्याने आणला होता. या चुकीची कबुली हा त्या व्याख्यानाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. १८४५ मध्ये ३० मे रोजी पहिले गिरमिटिया जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागले, म्हणजे पावसाच्या तोंडावर. तिथला पावसाळा डिसेंबरपर्यंत चालतो. आमच्याकडे जबलपुरात रामलीला येते तेव्हा पाऊस परतलेला असतो, नदी निवळू लागलेली असते आणि नावा पुन्हा पाण्यात उतरतात. तिथे तीच रामलीला ऐन पावसाळ्यात, धाकट्या करेमच्या भरवशावर उभी राहते. कथा तीच, पण तिच्या पाठीमागचे आभाळ बदललेले आहे. 'पती करेम'समोर मी समासात लिहिलेले 'उघडीप' या ठिकाणी मला अपुरे वाटू लागले. उघडीप आपल्याला फुकट मिळते. त्या मजुरांना ती परक्या आभाळात शोधून आपल्या तिथीशी जुळवावी लागली. अनुवादात मी आता 'धाकटा करेम' ठेवला आहे. थोडा अडखळवणारा आहे, पण तो त्यांचा आहे.

हिरव्या, पावसाळी बेटावर मराठी वाचक पोहोचतो तेव्हा तो इंग्रजी वाचकापेक्षा एक पाऊल पुढे असतो. त्याला पाऊस म्हणजे बिघडलेली सुट्टी वाटत नाही. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'सारखे (१९५६) पुस्तक ज्या भाषेत आहे, तिला प्रत्येक महिना स्वतःचा असतो हे शिकवावे लागत नाही. पण पाऊस ओळखीचा असला म्हणून आपण यजमान होत नाही. ओळखीमुळे दिसते तितकेच झाकलेही जाते, आणि काय झाकले गेले ते वाचकाला कळू देणे ही अनुवादकाची जबाबदारी आहे, असे मला या दोन वर्षांच्या कामातून वाटू लागले आहे. परके वाटणारे सोपे करून सांगायला आपण शिकलेलो असतो. ओळखीचे वाटणारे थोडे परके ठेवायला मला अजून शिकायचे आहे.

त्या दिवशी कठड्याजवळ मी बहिणीला काही उत्तर दिले नाही. परतताना टपरीवर पुन्हा थांबलो तेव्हा तिनेच त्या माणसाला विचारले, नावा बंद असताना तुमचे कसे चालते? तो बराच वेळ बोलला. कोणते दुकान पाण्याच्या भीतीने मागे सरकते, बरगी धरणाचे दरवाजे उघडले की घाटाच्या किती पायऱ्या बुडतात, भाऊ या महिन्यांत कुठे मजुरीला जातो. नाव चालू असती तर आम्ही त्याच्याकडे चहासुद्धा प्यायलो नसतो. गाडीत बसल्यावर बहीण म्हणाली, "दसऱ्यानंतर मी पुन्हा येईन." या वेळी तिने 'मी' म्हटले होते.